बिचुलिसची गोळी

अल्फोन्ससला मधमाश्या सोडायला सांगणं म्हणजे त्याला जेवण सोड म्हणण्यासारखंच होतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात एल्व्हिराला हे पुरतं कळून चुकलं होतं. तरी ती सांगायची. रोज सांगायची. गेल्या ऑगस्टात एकच माशी मानेवर डसली आणि हा सहा फुटी गडी अंगणात आडवा झाला. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. शहरातल्या डॉक्टरांनी वाचवलं, घरी सोडताना अ‍ॅड्रेनलिनची दोन पेनं हातात ठेवली आणि बजावलं, माशी डसली की लगेच मांडीत दाबायचं, आणि मुळात आता माश्यांचा नाद बंद. अल्फोन्ससने शहाण्या मुलासारखी मान डोलावली. घरी येऊन दुसऱ्या दिवशी त्याने जाळीच्या टोपीला नवीन जाळी शिवून घेतली. आता अशा माणसाला काय करावं?

एल्व्हिराने ती दोन्ही पेनं अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली ती टाकलीच. बाजारात गेली तरी अ‍ॅप्रन, रविवारी प्रार्थनेला गेली तरी कोटाच्या आत अ‍ॅप्रन. "एक लक्षात ठेव," ती नवऱ्याला म्हणाली होती. "माशी डसली तर माझ्याकडे इलाज आहे. पण त्याच्या जोडीला छातीचं, हृदयाचं काही निघालं ना, तर त्याच दिवशी पेट्या गावाबाहेर. मग बस रडत." हे तिने झिग्मसच्या समोर सांगितलं, मुद्दाम, साक्षीदार असावा म्हणून.

झिग्मस शेजारी राहायचा. शेजारी म्हणून भागत नाही खरं तर. तीस वर्षांपूर्वी अल्फोन्ससच्या पेटीतून एक मोहोळ उठलं आणि कुंपण ओलांडून झिग्मसच्या अंगणातल्या झाडाला लटकलं. आमच्याकडे अशा माश्यांचे पैसे कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही, तशी बोलणी करायचीच लाज वाटते. ज्याच्या पेटीतून उठलं तो आणि ज्याच्या झाडावर बसलं तो, दोघं बिचुलिस होतात. त्या शब्दाच्या पोटात माशी आहे. मित्र म्हणा, सोयरा म्हणा, दोन्ही थोडं थोडं. माशीलाही आमच्याकडे माणसाचा मान आहे. कोंबडी मरते, कुत्रं मरतं, माशी मात्र वारते.

आणि बिचुलिस झाले की जे असेल ते दोघांचं. मध निम्मा निम्मा, धुराचा डबा एकच, मध काढायचं यंत्र एका साली या घरी, एका साली त्या घरी. मागायचं नाही, मोजायचं नाही, आभार तर अजिबात मानायचे नाहीत. झिग्मसची बायको वारली तेव्हा अल्फोन्सस महिनाभर त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता, तेही एक शब्द न बोलता. तीन वर्षांपूर्वी झिग्मसला हृदयाचा झटका आला तेव्हा त्याला गाडीत घालून नेणारा अल्फोन्ससच. त्या झटक्यापासून झिग्मसच्या मागे गोळ्या लागल्या.

ईस्टर झाल्यावर, माश्या पहिल्यांदा बाहेर पडायला लागल्या त्या आठवड्यात, दोघं लाकडाच्या खोपट्यात पेटीतल्या चौकटींना तार ओवत बसले होते. अल्फोन्ससने दार लोटून घेतलं.

"एक सांगतो. एल्व्हिराला कळता कामा नये."

"बोल."

"छाती धडधडते रे. बसल्या बसल्या. काल पेटीचं झाकण उघडायला गेलो तर हात असा थरथरत होता. शेवटी खाली ठेवलं आणि घरात आलो."

"भितोस की काय माश्यांना?" झिग्मस हसला.

"भितोय कसला! मी? माझ्या बापाच्या अंगावर..." अल्फोन्सस थांबला. तार बोटाला गुंडाळत राहिला. "हो. भितो. ऑगस्टपासून भितो. झालं समाधान?"

झिग्मसचं हसू आटलं. तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून तो शब्द त्याने ऐकला नव्हता.

"डॉक्टरकडे जा."

"डॉक्टर कागदावर लिहिणार, कागद एल्व्हिरा वाचणार, आणि पुढच्या रविवारी माझ्या पेट्या कुणाच्या तरी ट्रेलरवर. आहे काय मग माझ्याकडे? तुझं थोबाड बघत बसू दिवसभर?"

झिग्मसने खिशात हात घातला. त्याच्याजवळ गोळ्यांची पट्टी नेहमी असायचीच.

"ही बीटा ब्लॉकर," तो म्हणाला, जरा ऐटीतच, कारण या विषयात तो जाणकार होता. "मला हृदयाच्या डॉक्टरने समजावून दिलंय. माणूस घाबरला की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते हृदयाकडे जातं आणि म्हणतं, पळ! हृदयावर त्याला आत शिरायची दारं असतात. ही गोळी त्या दारातच जाऊन बसते. आपण पानगळीत पेटीच्या दाराला फळी लावतो ना, गांधीलमाश्या घुसू नयेत म्हणून? अगदी तसं. ते बाहेर घिरट्या घालत बसतं आणि आत हृदय आपलं सावकाश काम करतं. धडधड नाही, थरथर नाही, प्रेशरही खाली."

"म्हणजे भीती आतच येत नाही?"

"भीती येते. धडधड येत नाही."

"मग येऊ दे भीती. हात थरथरायचा थांबला की झालं."

झिग्मसने पट्टी त्याच्या हातात ठेवली. याने आभार मानले नाहीत, त्याने मोजल्या नाहीत. "रोज सकाळी एक," एवढंच झिग्मस म्हणाला, आणि अल्फोन्ससने त्याच्याकडून तोंड बंद ठेवायचं वचन घेतलं. आठवड्याभरात अल्फोन्ससचा हात ठीक झाला. मग दर दहा दिवसांनी एक पट्टी कुंपणावरून इकडून तिकडे जायला लागली, मधाची बरणी जावी तशी.

आता बघा, पेनावर 'अ‍ॅड्रेनलिन' हे नाव ठसठशीत छापलेलं होतं. ज्या गोष्टीला दारातून हाकलायला गोळी, तीच गोष्ट पेनात. दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. पेन एल्व्हिराच्या खिशात, गोळी झिग्मसच्या खिशात, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं कुणाला सुचणार? डॉक्टरला सुचलं असतं. पण डॉक्टरला विचारलं होतं कुणी?

जूनमधल्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला, मोहोळ उठलं. अल्फोन्ससच्या जुन्या सफरचंदाच्या फांदीला चांगलं मोठं लटकलं. झिग्मस रिकामी पेटी घेऊन आला, अल्फोन्ससने शिडी लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एल्व्हिरा ओरडली, "टोपी घातलीस का?"

"घातली, घातली!"

"हातमोजे?"

"अगं बाई, लग्नाला निघालोय का मी?"

शिडीवर उभा राहून अल्फोन्ससने हातमोज्यातला हात झिग्मससमोर धरला. "बघ. जरा तरी हलतोय?" हात खरंच हलत नव्हता. त्याने फांदीखाली टोपली धरली, दुसऱ्या हाताने फांदीला एक झटका दिला, आणि मोहोळ धप्पकन टोपलीत पडलं. काम झालं होतं. टोपली झिग्मसच्या हातात देताना त्याची बाही मनगटापाशी वर सरकली.

"हं," अल्फोन्सस म्हणाला.

तो शिडीवरून नीट, एकेक पायरी उतरला. गवतावर बसला. टोपी काढली.

"किती डसल्या?" झिग्मसने विचारलं.

"तीन असतील. चार. एल्व्हिराला बोलव." आवाज शांत होता. मग म्हणाला, "तळहात खाजतायत," आणि पुढच्याच क्षणी त्याच्या मानेवर लाल चट्टे चढायला लागले.

एल्व्हिराला बोलवावं लागलं नाही. खिडकीतून तिने सगळं पाहिलं होतं. ती हातात पेन घेऊन धावत आली, गुडघ्यावर बसली, पँटवरूनच मांडीत दाबलं, मनात दहा मोजले, बाहेर काढलं. हात एकदाही चुकला नाही. "झालं," ती म्हणाली. "दिलं मी. आता बघ, पाच मिनिटांत बरा होशील. मागच्या वेळी तर पेनसुद्धा नव्हतं." एका हाताने तिने फोन लावला, स्पीकर लावून गवतावर ठेवला. पलीकडच्या बाईने पत्ता घेतला, गाडी निघाली म्हणून सांगितलं, आडवं झोपवा, पाय उंच ठेवा म्हणाली. झिग्मसने रिकामी पेटी ओढून अल्फोन्ससचे पाय तिच्यावर ठेवले.

"नाडी बघता येते का कुणाला?" फोनमधली बाई म्हणाली.

झिग्मसला येत होती, तीन वर्षं तो स्वतःची बघत होता. त्याने अल्फोन्ससचं मनगट धरलं. माणसाचा चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, छातीत शिट्टी वाजतेय, डोळे फिरतायत. अशा माणसाची नाडी कशी पळत सुटायला हवी! पण नाडी हळू होती. मऊ, बारीक आणि निवांत. जेवून दुपारी आडव्या पडलेल्या माणसाची असावी तशी. मरायला टेकलेल्या माणसाचं हृदय इतकं शांत कसं?

"पन्नास," तो म्हणाला. "पन्नासच्याही खाली."

"नीट मोजा," फोनमधली बाई म्हणाली. तिलाही ते पटलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली. काहीही फरक नाही. ओठ निळे व्हायला लागले. "दुसरं द्या," बाई म्हणाली. एल्व्हिराने खिशातून दुसरं पेन काढलं, झाकण उपसून झिग्मसच्या दिशेने भिरकावलं आणि दुसऱ्या मांडीत दाबलं. पहिलं, वापरलेलं पेन गवतात झिग्मसच्या गुडघ्याशी पडलं होतं. त्यावरची अक्षरं त्याच्याकडे तोंड करून होती. त्याने ती वाचली. एकदा वाचली, परत वाचली.

आणि मग त्याला कळलं.

एल्व्हिरा आपल्या नवऱ्याच्या मांडीत जे ओततेय ते बाहेरच घिरट्या घालतंय. दाराला फळी आहे. ती फळी आपण लावली. आज सकाळीसुद्धा लावली, कुंपणावरून पट्टी देऊन.

झिग्मसच्या स्वतःच्या छातीत ढोल वाजत होते, डावा खांदा आवळल्यासारखा झाला होता. बोल, तो स्वतःला म्हणत होता. बोल की मेल्या! तोंड उघडत नव्हतं. वचन दिलंय, असं मनाशी म्हणाला, पण ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण समोर बसलं होतं, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन, आणि त्याच्या कानाशी सारखं म्हणत होतं, "श्वास घे. घे ना रे. मी दिलंय औषध, आता लागू पडेल बघ." तिला कसं सांगायचं, की लागू पडणार नाही? आणि का नाही, ते कसं सांगायचं? कदाचित दुसरं पेन चालेल, असं त्याला वाटलं. दुसरं चाललं तर सांगायची वेळच येणार नाही. तो नाडीवर बोट ठेवून वाट बघत राहिला. दुसरंही चाललं नाही.

जंगलातला रस्ता, गाडीला यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत झिग्मसने काय काय पाहिलं ते त्याचं त्याला माहीत. मालक गेला की बिचुलिसने पेट्यांवर टकटक करून माश्यांना सांगायचं असतं. एकेका पेटीशी वाकून, आपल्याच हाताने. त्याला स्वतःचा वाकलेला हात दिसत होता.

गाडीतून उतरलेली डॉक्टर चाळिशीतली होती, आखूड केस, आवाज खणखणीत. औद्रोने तिचं नाव, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं. बरोबर एक मदतनीस. दोघांनी भराभर सुई लावली, सलाईन चढवलं, ऑक्सिजनचा मुखवटा लावला, आणि औद्रोनेने परत अ‍ॅड्रेनलिन दिलं.

"प्रेशर साठ," मदतनीस म्हणाला. "नाडी अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस?" औद्रोनेने मान वर केली. "अ‍ॅड्रेनलिनवर अठ्ठेचाळीस? काही औषधं चालू आहेत का यांना?"

"नाही," एल्व्हिरा म्हणाली.

"प्रेशरची? हृदयाची?"

"काही नाही हो! साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही हा. मी सगळं बघते याचं. काही म्हणजे काही नाही."

झिग्मस तिच्या मागे उभा होता. हात दोन्ही लटकलेले.

औद्रोनेने अजून एक इंजेक्शन भरलं. दिलं. सगळे पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. पंचेचाळीस. प्रेशर पंचावन्न. अल्फोन्ससचा हात गवतावर उताणा पडला होता, बोटं अर्धवट मिटलेली, आणि तो हात अजिबात हलत नव्हता.

"मला हे कळत नाहीये," औद्रोने हळू म्हणाली, आणि तिच्या त्या हळू बोलण्यानेच झिग्मसची पाचावर धारण बसली. ही बाई घाबरलीय. डॉक्टर घाबरलीय.

"घेतो," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की कुणी वळलंच नाही.

"घेतो तो गोळी!" झिग्मस ओरडला. "माझी घेतो! बीटा ब्लॉकर! एप्रिलपासून! आज सकाळी पण घेतलीय!" त्याने खिशातून पट्टी काढून डॉक्टरच्या तोंडासमोर धरली. हात असा थरथरत होता की तिला त्याचं मनगट धरून अक्षरं वाचावी लागली.

औद्रोनेने एकही प्रश्न विचारला नाही. "ग्लुकॅगॉन," ती मदतनिसाला म्हणाली. "लाल पेटी, खालचा कप्पा. किती आहेत?"

"एकच."

"दे ते. आणि इस्पितळाला कळव, आहे तेवढं तयार ठेवा. दुसरी गाडी आपल्याला वाटेत भेटू दे." औषध शिरेत सोडता सोडता ती बोलत होती, झिग्मसला की स्वतःला कुणास ठाऊक. "हे साखर कमी झालेल्यांचं औषध. पण हे हृदयाला त्या दाराने जाऊन उठवत नाही, याची वाट निराळी आहे. चल. चल, उठ."

झिग्मसच्या डोळ्यांसमोर माश्यांच्या पेटीचं झाकण आलं. दार बंद असलं तरी झाकण वरून उचलता येतं. तो आकड्याकडे बघत राहिला. पंचेचाळीस. पंचेचाळीस. एल्व्हिरा पडद्याकडे बघत नव्हती. ती मान वळवून झिग्मसकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिथे अजून काहीच नव्हतं. तिला नुसतं कळत नव्हतं.

बावन्न. अठ्ठावन्न. मग अल्फोन्ससच्या पोटातून उमासा आला आणि तो भडाभडा ओकला. मदतनिसाने झटकन त्याला कुशीवर वळवलं.

"होतं असं या औषधाने," औद्रोने म्हणाली. "ओकू दे. चांगलं आहे."

"प्रेशर बहात्तर."

त्याला उचलून गाडीत घातलं. एल्व्हिरा पाठोपाठ चढली. दार लावण्याआधी झिग्मस पुढे झाला, पण काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही, आणि तिने दार आतून ओढून घेतलं.

तो आपल्या गाडीने मागोमाग निघाला. त्या वयात, त्या अवस्थेत गाडी चालवायला नको होती, हे कुणीही सांगेल. खांदा दुखत होता, छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटत होतं, दोनदा रस्ता धूसर झाला. भीतीने होतंय, असं त्याने ठरवून टाकलं. बिचुलिस मरत असताना माणसाला दुसरं काय होणार?

इस्पितळाच्या लांब बोळात एल्व्हिरा बाकड्याच्या एका टोकाला बसली होती. अ‍ॅप्रन अजून अंगावर होता, त्यावर गवताचे डाग. झिग्मस दुसऱ्या टोकाला बसला. मधे चार माणसं बसतील एवढी जागा. त्याने टोपी हातात घेतली आणि ती फिरवत राहिला. एक तास गेला. दर वेळी दार उघडलं की तो उठून उभा राहायचा, आणि दर वेळी कुणी दुसरंच बाहेर यायचं.

शेवटी औद्रोनेच आली. आधी एल्व्हिरापाशी गेली, वाकली. "वाचले," ती म्हणाली. "अजून औषध थेंबथेंब चालू ठेवावं लागेल, दोन दिवस इथेच राहतील. पण बोलतायत. पहिला प्रश्न विचारला, मोहोळ पेटीत गेलं का."

एल्व्हिराने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले. झिग्मसला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण तो अधिकार आता आपल्याला उरलाय की नाही, हेच त्याला कळेना.

मग औद्रोने त्याच्याकडे वळली, आणि तिचा आवाज बदलला. "तुम्ही. औषधं म्हणजे काय मधाच्या बरण्या आहेत का, शेजाऱ्याला द्यायला? अजून पाच मिनिटं गप्प बसला असतात ना, तर मी त्यांना हातातून घालवलं असतं. मला कधी कळलंही नसतं का गेले ते."

"हो," झिग्मस म्हणाला.

"पट्टी दाखवा परत." तिने ती उलटीसुलटी केली. "ही सकाळ-संध्याकाळ घ्यायची असते. तुम्हाला दिवसाला दोन लिहून दिल्यात, बरोबर?"

"हो."

"नव्या जास्तीच्या लिहून घेतल्या होत्या?"

"नाही. तेवढ्याच मिळतात."

"आणि रोज एक यांना देत होता." औद्रोने थांबली. "मग तुम्ही काय घेत होता?"

झिग्मसने टोपीकडे बघितलं. "एक."

"एप्रिलपासून?"

"आमच्यात निम्मं निम्मंच असतं," तो म्हणाला, अगदी ओशाळून, चोरी पकडली गेल्यासारखा.

औद्रोनेने पुढे काही ऐकलं नाही. तिने त्याचं मनगट पकडलं, चेहऱ्याकडे निरखून बघितलं. "ही गोळी अशी आपल्या मनाने कमी केली की हृदय चवताळतं, झटका येऊन गेलेल्याचं तर जास्तच. घाम कधीपासून येतोय? दुखतंय कुठे?"

"ते भीतीनं..."

"कुठे?"

"खांद्यात. इथं, छातीत. सकाळपासून."

"सकाळपासून! आणि गाडी चालवत आलात?" तिने बोळाच्या टोकाकडे हाक मारली, खुर्ची आणा, चाकांची, लगेच. झिग्मस म्हणत राहिला की काही नाही हो, आधी त्याचं बघा, पण कुणी त्याचं ऐकलं नाही. दहा मिनिटांत त्याचा सदरा काढला होता, छातीला वायरी चिकटवल्या होत्या, जिभेखाली कसलीशी गोळी होती आणि दंडात सुई. डोक्याशी पडदा लुकलुकत होता. एकशे अठरा. एकशे एकवीस. त्या आकड्यांकडे बघून त्याला पहिल्यांदाच स्वतःसाठी भीती वाटली. नुसती गार भीती. इथे जवळ बसायला आपलं कुणीच नाही, हेही त्याच्या तेव्हाच लक्षात आलं.

दार उघडलं. एल्व्हिरा आत आली आणि खाटेच्या पायाशी उभी राहिली.

"मी म्हणाले, हा काही घेत नाही. तेव्हा तू कुठे होतास?"

"तुझ्या मागे."

"किती वेळ?"

खोटं बोलता आलं असतं. "एक इंजेक्शन होईपर्यंत," तो म्हणाला. "आणि त्याच्या आधीपासून. दुसऱ्या पेनापासून मला माहीत होतं."

ती त्याच्याकडे न बघता, भिंतीकडे बघत बोलली.

"मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून झोपते. चाळीस वर्षं झाली. ऑगस्टपासून त्याचं हृदय रात्री असं धावायचं, मला झोप लागायची नाही. विचारलं तर म्हणायचा, काही नाही, झोप. आणि मग एप्रिलात एका रात्री संथ झालं. टक, टक. मला वाटलं, सुटला बिचारा भीतीतून. त्या रात्री मी देवाचे आभार मानले, झिग्मस. मग रोज मानत होते." तिने नाक पुसलं. "तुझी गोळी ऐकत होते मी."

"एल्व्हिरा..."

"गप्प बस. आता नको बोलूस. बोलायचं तेव्हा बोलला नाहीस."

आता ती जाईल, असं त्याला वाटलं, आणि जायलाच हवं होतं, तिचा नवरा दोन दारं पलीकडे होता. पडद्यावरचा आकडा वर चढला. एकशे सव्वीस. एल्व्हिराने तो पाहिला, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून खाटेशी घेतली आणि बसली. त्याच्याशी ती एक अक्षर बोलली नाही. आकडा खाली येईपर्यंत तिथून उठलीही नाही.